सहाव्या मजल्यावरून

बुरुल खरं तर सामसा, म्हणजे तंदुरात भाजलेला समोसा, घ्यायला निघाली होती. ओश शहरातल्या एका गल्लीत तंदूरवाल्याच्या टपरीसमोर एक नवी इमारत उभी राहत होती. गरम सामशाचा पहिला घास घेताना तिची नजर सहज वर गेली, आणि घास तोंडातच राहिला. सहाव्या मजल्याच्या कडेला एक जण पाय खाली सोडून निवांत बसला होता.

"ओ! पट्टा कुठाय तुमचा?"

"पँटला आहे," वरून उत्तर आलं. "दाखवायला खाली येऊ?"

तो आलाच. सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि डोळ्यांत हसू... नको तितकं. तो तिलेक, तिथला मुकादम. बुरुलनं सामसा डाव्या हातात घेतला आणि उजव्यानं ओळखपत्र काढलं. ती कामगार-सुरक्षेची निरीक्षक होती. त्याच दुपारी तिनं काम बंद पाडलं, सगळ्यांना सुरक्षा-पट्टे मिळेपर्यंत.

पट्टे आले. पण तेव्हापासून बुरुलच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. ती न सांगता तपासणीला जायची, कधी सकाळी, कधी जेवणाच्या सुट्टीनंतर. केव्हाही जा, प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याचा आकडा दोरीत, आणि फाटकाशी तिलेक हिरव्या चहाचा प्याला घेऊन हजर! निरीक्षक दिसला की हेल्मेटं वाटायची आणि त्याची पाठ फिरली की गोळा करायची, हे नाटक तिनं सगळ्या शहरात पाहिलं होतं. हेही तेच असणार.

"मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मनानं."

"मनाचं आडनाव सांगा. अहवालात लिहायचंय."

तो नुसता हसला. मेल्याचं ते हसू तिच्याबरोबर ऑफिसपर्यंत आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

ऑफिसात तिचे साहेब सापार अका, म्हणजे सगळ्यांचे सापारदादा, वाट बघत होते. त्या बांधकामावर तपासणीची बातमी आधी पोचते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बुरुल कधी जाणार हे बुरुलशिवाय कुणाला ठाऊक असतं, असं त्यांनी विचारलं. आठवडाभरात उलगडा झाला नाही तर राजीनामा द्यावा लागेल, हेही सांगितलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. तिलेक गोड बोलतो ते फक्त आपल्याला गुंडाळायला का? आणि पट्टे खरंच दिखाव्याचे असतील, तर उद्या तिच्या सहीखाली एखादा माणूस कोसळणार होता.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. आईचा रुमाल कपाळापर्यंत ओढला, बाजाराच्या बाजूनं पायी गेली आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आज चोर पकडायचाच.

समोर सगळ्यांना पट्टे होते. म्हातारे कामगार मामात अका एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेले, तेव्हाही आधी पुढचा आकडा अडकवला, मगच मागचा सोडला. बघायला कुणी नसताना! तिलेक मात्र जरा चमत्कारिक वागत होता. रस्त्यावरच्या थांब्यावर ट्रॉलीबस आली की हातातलं काम टाकून कडेशी यायचा, शेवटचा उतारू उतरेपर्यंत टक लावून बघायचा... आणि खांदे पाडून परत कामाला लागायचा.

पट्ट्यांत खोट दिसेना. तरी संशय तो संशय. ती तडक रस्ता ओलांडून वर गेली.

तिला बघून तिलेक गडबडला. चहा नाही, हसू नाही.

"आज मनानं सांगितलं नाही वाटतं?"

"तुम्ही ट्रॉलीबसनं आला नाहीत..."

"म्हणजे मी थांब्यावर दिसले की पट्टे चढतात?"

"कसलं काय, पोरी," मामात अका मध्येच म्हणाले. "हा रोज सकाळी सांगतो, आज बाई येणार. दिवसभर पट्टा सोडायची सोय नाही. वैताग आणलाय नुसता. एकदा याच्याशी लग्न तरी करून टाक."

तिलेकच्या पांढऱ्या भुवयांखालचा चेहरा लालबुंद झाला. "त्यांना तुम्ही येण्याची भीती वाटते," तो हळूच म्हणाला, "आणि मला... तुम्ही न येण्याची."

बुरुलनं आईचा रुमाल कपाळावरून मागे सारला. खूप आनंद झाला होता, आणि पुढचं बोलणं म्हणूनच अवघड होतं.

"हे बांधकाम मी सोडतेय. उद्यापासून इथे दुसरा निरीक्षक येईल."

"का? माझं काय चुकलं?"

"ज्याला बघायला जीव धावतो, त्याच्या कामावर मला सही करता येणार नाही. सापार अकांना मी आजच सांगणार आहे... सगळंच."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं. "मग उद्या या लोकांना काय सांगू?"

"निरीक्षक येणार, एवढंच सांगा. तो कसा दिसतो ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही सांगायचं नाही."

"आणि मी कुणाची वाट बघू?"

बुरुलनं त्याच्या बाहीवरचं सिमेंट हातानं झटकलं. हात लगेच मागे घ्यायचं मात्र ती विसरली.

"संध्याकाळी काम सुटलं की थांब्यावर या," ती म्हणाली. "वरून बघणं पुरे झालं."