तिसऱ्या नंबरचं बेअरिंग

अबे हसू नका बे, आधी ऐका त. मी तिथंच होतो, साखरखेर्ड्यात, अकरमभाईच्या गॅरेजात.

देवेशची लाल टर्बो गाडी माहीत हाय न तुम्हाले? तिचं इंजिन त्याच्या मोठ्या भावानं, सुधाकरदादानं, रॅलीसाठी सोताच्या हातानं बांधलं होतं. "पहिली रॅली मी मारीन, मंग गाडी तुही," म्हणे. अन् काविळीनं गेला. दवाखान्यातून म्हणत होता, मले एकडाव गाडीत बसव. देवेश म्हणला, आधी बरा तर होय. तेच त्याले आतून खाऊन राह्यलं. म्हणून दादाच्या नावानं ते रॅली मारायचीच, असं त्यानं ठरवलं.

पण गाडी मोकळ्या रस्त्याले लागली का इंजिनात खडखड! खोललं, त तिसऱ्या पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग जळेल. बाकीचे कोरे करकरीत. बदललं. पुन्हा तेच. ऑइल पंप नवा टाकला, क्रँक जालन्याले नेऊन मोजून आणला, तेलाचे रस्ते हवा मारून साफ केले. तरी तिसरंच!

मंग अकरमभाईनं सोता चालवून पाह्यली. काहीच नाही. मक्खन!

"काऊन बे, क्लच काय बैल हाकल्यावानी दाबतं का तू?" भाई देवेशले म्हणे.

देवेश हसला. पण पुढच्या खेपेले जळेल बेअरिंग निघालं, अन् भाईनं ते उजेडात धरून पाह्यलं. पार्ट अदलाबदल होऊ नये म्हणून मिस्त्री आपापली खूण करते न? भाईनं डब्यातलं नवं बेअरिंग काढून, कडेले दोन टिंबं मारून, माह्यासमोर बसवलं होतं. निघालं त्याच्यावर टिंबं नव्हते. कानशीनं घासेल चांद होता.

"या अल्ला," भाई म्हणला. "हे त सुधाकरचं निशान हाय."

देवेशनं ते बेअरिंग मुठीत धरलं. मंग म्हणला, "भाई, एकडाव जोडून द्या. शेवटचं."

दुपारी गाडी तयार झाली. देवेश स्टेअरिंगवर बसला. डोळे भरेल. "दादा, आज तू चालव," हळूच म्हणला. माह्या अंगावर काटा आला बे.

सुलतानपूरच्या रस्त्यानं गेला. आम्ही दोघं दारात उभे. आता खडखड येईन, मंग येईन.

नाही आली. असा आवाज त्या इंजिनाचा मी कधीच ऐकला नव्हता. गिअर पडलेले कळतही नव्हते.

परत आला. गाडी बंद झाली.

देवेश उतरेना. रडून राह्यला होता, दोन्ही हात मांडीवर.

भाईनं दार उघडलं. "मस्त चालवली रे..." म्हणला, अन् तिथंच थांबला.

सीट पार मागं सरकेल होती, सहा फुटी सुधाकरदादाले लागे तेवढी. देवेशचे पाय पेडलपर्यंत पोचतच नव्हते.