मेहुण्याच्या हातचा दोर

अभ्रगडावर उजाडत होतं, पण त्या उजेडात शुभ असं काही नव्हतं. कोकणातून चढलेलं धुकं पश्चिमकड्याच्या ओठाशी येऊन थबकलं होतं. पूर्वेच्या पठारावर बादशाही फौजेचे तंबू एकेक करून उजळत होते. आणि गडापासून एका खोल खिंडीनं तुटलेला दिवट्या सुळका, ज्याच्या माथ्यावर आजवर चारच माणसं पोचली आणि दोनच परत आली, तो माथ्यापर्यंत काळाठिक्कर उभा होता. एरवी खिंडीच्या तळाशी घिरट्या घालणारी गिधाडं चार दिवसांपासून तटाच्या अंगानं उडत होती.

भिवराला ती गिधाडं बघवत नव्हती. पण बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. गेले चार महिने, वेढा पडल्यापासून, तिची नजर कुठं ठरतच नव्हती. तटाचा कुठला दगड हलला, कुणाच्या घरची चूल पेटली नाही, पाठीशी बांधलेल्या आठ महिन्यांच्या पुतळीनं काय तोंडात घातलं, सगळ्यावर तिचं लक्ष. तिचा नवरा हैबती हसून म्हणायचा, "सरकारांनी बुरुजावर पहारे कशाला ठेवलेत? एकटी भिवरा पुरे."

आज तोच हैबती दिवट्यावर चढणार होता.

घाटाखाली कोकणात स्वराज्याची फौज दबा धरून होती. शेवटच्या जासुदानं निरोप आणला होता : पौष पौर्णिमेच्या दुपारपर्यंत दिवट्यावर तीन धूर दिसले तर गड अजून आपला आहे असं समजून कूच करू, न दिसले तर गड पडला असं धरून माघारी वळू. गडाचा माथा खालून दिसत नसे, दिसायचा तो फक्त सुळका. आणि पौर्णिमा आजच होती.

सुळक्यावर जायचं म्हणजे आधी पश्चिमकड्यावरून एकशेवीस हात दोरानं उतरायचं, खिंडीतली गिधाडपायरी गाठायची, आणि तिथून केवळ बोटांच्या बळावर वर सरकायचं. गडावरच्या डोंगरकोळ्यांची ही पिढीजात विद्या. मधाची पोळी काढायला ते असेच कडे उतरत, आणि त्यांचा एक दंडक होता जो किल्लेदारालाही मोडता येत नसे : वर दोर धरायचा तो उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानं, दुसऱ्या कुणी नाही. सख्खा भाऊ हेव्यापोटी हात ढिला करील, दोस्त भ्याला तर सोडून देईल, पण बहिणीचं कुंकू हातात असलेला माणूस दोर सोडणार नाही.

म्हणून दोर धरणार होता खेमा. भिवराचा थोरला भाऊ.

खेमा पहाटेच येऊन गेला होता. कंदमुळं खणायला तो रोज कड्याच्या कपारी धुंडाळी आणि येताजाता भाचीला उचलून घेई. आजही त्यानं तिला घेतलं, छातीशी धरलं, जरा जास्तच वेळ धरलं, आणि निघून गेला.

तो गेल्यावर पुतळीचं तोंड हलताना दिसलं. भिवरानं सवयीनं गालात बोट घातलं आणि आत जे होतं ते बाहेर काढलं. लांबट, गुळगुळीत, मधोमध चीर असलेली बी.

खजुराची.

गडावर मीठ संपून महिना झाला होता. गूळ कसा लागतो ते पोरं विसरली होती. खजूर तर या गडानं कधी पाहिलाच नव्हता; तो यायचा तो उंटांवरून, पठारावरच्या तंबूंत.

 भिवरानं ती बी पदराच्या गाठीत बांधली आणि कड्याकडे धावत निघाली.

कड्यावर किल्लेदार रुद्राजीराव उभे होते. सत्तरी गाठलेले, चार महिन्यांच्या उपासानं अंगरखा सैल झालेला, पण डोक्यावरचा मंदिल तसूभरही कलला नव्हता.

"हैबती," ते म्हणाले, "आज या गडाचे प्राण तुझ्या दहा बोटांत आहेत. भैरवनाथ तुझ्या पाठीशी उभा आहे, असे समजून पाऊल टाक."

"जशी आज्ञा, सरकार." हैबतीनं मुजरा केला, पाठीवर वाळक्या गवताची आणि ओल्या पाल्याची मोळी आवळली, चकमक कमरेला खोचली आणि खेमाकडे वळून डोळा मिचकावला. "दाजींचा भार सोसंल ना रं? पेज पिऊन पिऊन तुझ्या बहिणीच्या मुसळाएवढा उरलोय. वाऱ्यानं उडालो तर खेचून घे."

सगळे हसले. खेमा हसला नाही. तो कमरेभोवती दोर घेत होता.

भिवरा दोराच्या शेवटाकडे गेली. कड्यापासून पाच पावलांवर, खडकातल्या भोकात खैराची मेख ठोकलेली असे. दोराचा शेवट तिला बांधायचा. हात चुकलाच, तर मेख तोलून धरी. भिवरानं मेखेला सहज हात लावावा तसा लावला.

मेख हलली. तिच्या बुडातली पाचर कुणीतरी काढून घेतली होती.

आता सगळं लख्ख दिसलं. दोर सुटेल, मेख उपटेल, आणि लोक म्हणतील, हैबतीचं नशीब. धूर उठणार नाही. फौज माघारी वळेल.

ओरडावं? ओरडलं तर खेमाचा कडेलोट घटकेत होईल. मग दोर कोण धरणार? तिला दुसरा भाऊ नव्हता, आणि परक्याच्या हातच्या दोरावर कोळी उतरत नसे. वेळ टळली की धुकं वर येणार, मग कसला धूर आणि कसलं काय. हैबतीच्या कानात सांगावं? मनात शंका घेऊन उतरणाऱ्याचे हात कड्यावर चुकतात. मेख बदलता आली असती. भाऊ कुठून बदलायचा?

तिनं पुतळीला पाठीवरून सोडलं आणि थेट किल्लेदारांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, एक अर्जी हाय. माझा भैरोबाला नवस हाय, आज दोराचा शेवट मेखेला न्हाई बांधायचा. माझ्या कमरेला बांधायचा."

"भिवराबाई, हे कसले भलते धाडस!"

"नवस हाय, सरकार. आन तोवर पोरीला घ्यावं जरा."

आजवर तलवारीखेरीज काही न धरलेल्या त्या हातांत तिनं लेक ठेवली. पुतळीनं आधी त्यांची पांढरी मिशी धरली. रुद्राजीरावांना नाही म्हणायला सवडच राहिली नाही.

"खुळी झालीस का?" हैबती म्हणाला.

"तुमी उतरा. उशीर होतोय."

भिवरानं दोराचे दोन वेढे कमरेला घेतले, निरगाठ मारली आणि खेमाच्या मागं, पाठमोऱ्या भावापासून चार हातांवर उभी राहिली. त्यानं मान वळवली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सोड ते, भिवरे."

"पोरीला खजूर गोड लागला, दादा," ती एवढंच म्हणाली.

हैबती कड्यावरून दिसेनासा झाला. दोर सरसर जाऊ लागला. तीस हात. साठ. खडकाच्या धारेवर अंबाडीचा दोर करकरत होता. नव्वद हातांवर कड्याचं पोट होतं. तिथं उतरणारा खडकाला शिवत नसे, नुसता हवेत लोंबकळे, आणि खाली थेट कोकण. दोराला ओझं आलं. हैबती तिथं पोचला होता.

त्याच क्षणी खेमाचे हात उघडले.

भीतीनं, थकव्यानं, की दिलेल्या शब्दाला जागून, ते त्यालाच ठाऊक. उरलेला दोर सापासारखा उसळत गेला आणि भिवराच्या कमरेला असा हिसका बसला की तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही. ती पडली. खडकावरून घसरत, टाचा घासत, कड्याच्या धारेकडे ओढली गेली. किल्लेदारांच्या कुशीत पुतळीनं टाहो फोडला. भिवराची पावलं धारेबाहेर गेली आणि पायांखाली नुसतं धुकं उरलं.

तेव्हा खेमानं दोरावर झेप घेतली.

तो दोर त्याच्या तळव्यांतून हातभर जळत गेला आणि थांबला. कातडं सोलून निघालं, दोर लाल झाला, पण थांबला. गडकरी धावले, पण दंडक आठवून दोराला कुणी हात लावला नाही. त्यांनी भिवराला आत ओढून खेमाच्या मागं बसवलं आणि ते धारेवरून वाकून खाली बघू लागले. दोराला खालून दोन हिसके आले. हैबती जिवंत होता.

"का, दादा?" तिनं हळूच विचारलं. कमरेची गाठ तिनं सोडली नव्हती.

"तीन गावांची पाटीलकी देनार व्हते. आन तुला न् पोरीला सुखरूप खाली नेनार व्हते."

"आन माझं कुंकू?"

 खेमानं निसटलेला दोर थोडा वर ओढून घेतला आणि पुन्हा सोडायला सुरुवात केली, एकेक वीत, रक्ताळलेल्या हातांनी.

दोन घटकांनी दिवट्याच्या माथ्यावर पहिला धूर उठला. मग दुसरा. धुकं सुळक्याच्या गळ्याशी आलं असताना तिसरा. पठारावर गनिमाचे नगारे एकदम गप्प झाले.

तिसऱ्या दिवशी स्वराज्याची फौज घाट चढून आली आणि वेढा उठला.

मग सदर भरली. रुद्राजीरावांनी भर दरबारी खेमाचा गौरव केला. "दोर हातचा निसटला असताही तळवे जाळून ज्याने तो पुन्हा धरला, त्या इमानाची किंमत आम्ही काय करावी?" असं म्हणून त्यांनी आपलं सोन्याचं कडं त्याला बहाल केलं. फडक्यांत गुंडाळलेल्या हातांनी खेमानं ते घेतलं. मान खाली घालून तो बहिणीकडे आला आणि कडं भाचीच्या मुठीत दिलं. पुतळीनं ते लगेच तोंडात घातलं. भिवरानं बोट घालून ते बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि भैरोबाच्या पायाशी ठेवून आली. हैबती मेहुण्याच्या पाठीवर थाप मारीत होता. तिनं त्याला काही सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही कधी नाही.

पुढं अभ्रगडावर नवा रिवाज पडला. कड्यावर माणूस उतरायचा तर दोराचा शेवट त्याच्या बायकोच्या कमरेला. लोक कौतुकानं सांगत : काय ती माया, काय तो नवस! नव्या नवऱ्यांना भिवराची गोष्ट सांगून भाग्यवान म्हणत.

चैत्रात पोळी भरली. हैबती हंडा पाठीला बांधून, गुणगुणत कड्याच्या धारेशी आला. खेमानं कमरेभोवती दोर घेतला; तळव्यांवरची कातडी अजून गुलाबी, ताणलेली होती. भिवरानं पुतळीला दुसऱ्या बाईकडे दिलं. मामाकडे ती आता कधीच देत नसे. ती चार हात मागं येऊन उभी राहिली आणि शेवटाचे वेढे घेऊ लागली. पदराच्या गाठीतली बी मांडीला टोचत होती.

खेमानं मागं वळून पाहिलं नाही. कड्याखालच्या धुक्याकडे बघतच तो म्हणाला,

"घट्ट बांध, भिवरे."