न धुतलेला स्वेटर

मास्तरणीच्या थोरल्या भावाला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे आले आणि तिची खाट बाहेर निघाली. तिला जा असं कुणी म्हटलं नाही. पण एक रडायचं थांबलं की दुसरं सूर लावायचं, आणि वहिनी उभ्या उभ्या पेंगायची. शेवटी मास्तरीणच म्हणाली, "मी आसऱ्यातच राहायला जाते."

आसरा म्हणजे कुत्र्यांचा. हरवलेली, सोडून दिलेली, नकोशी झालेली कुत्री तिथे येत. ती त्यांना खाऊ घाली, अंघोळी घाली, बस म्हटलं की बसायला शिकवी, आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकी. म्हणून गल्लीतले लोक तिला मास्तरीण म्हणत. आसरा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला मागची खोली दिली. खोलीत एक शेगडी होती, एक खिडकी होती, आणि खिडकीबाहेर सगळी भुंकणारी प्रजा.

एका ढगाळ दुपारी ती एका पिल्लाला अंघोळ घालत होती. अंगभर साबण, आणि पट्टा निसटला. पिल्लू फाटकातून बाहेर, ही मागे. बारीक भुरभुर सुरू झाली होती. पिल्लू कोपऱ्यावरच्या लाँड्रीत घुसलं, आणि पांढऱ्याशुभ्र, नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर चढून त्यानं अंग झाडलं.

मास्तरीण दारातच थिजली.

लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून उभा होता. उंच, शिडशिडीत, कपाळावर घामाचे थेंब. त्यानं चादरींकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हे तुमचं?"

"नाही... म्हणजे हो. सध्यापुरतं."

"साबण मात्र आमच्यापेक्षा चांगला वापरता."

ती हसावं की माफी मागावी या विचारात असतानाच टेबलाखालून दोन मुलं बाहेर आली. एक मोठी, दोन वेण्यांची. आणि एक छोटा, दप्तर पाठीवरच. "मामा! हाच! आपल्याला हाच पाहिजे!"

"हा नाही," मास्तरीण पटकन म्हणून गेली. मुलांची तोंडं पडली तशी तिला वाईट वाटलं. "रविवारी आसऱ्यात या. बघू."

"पण हा का नाही?" लाँड्रीवाल्यानं विचारलं. वाद घालायचा त्याचा सूर नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. भुवया वर गेल्या होत्या, डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस तिला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं... ती काय सांगणार होती तेच विसरली.

रविवारी तिघं आले. मुलांची आई, म्हणजे लाँड्रीवाल्याची बहीण, हॉस्पिटलात नर्स होती. तिचा नवरा दुसरा संसार थाटून निघून गेला होता, आणि ती मुलांना घेऊन भावाकडे, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहात होती. तिची कामाची पाळी असली की शाळा सुटल्यावर मुलं मामाच्या इस्त्रीच्या टेबलाखाली.

"कुत्रं पाळलंय कधी?" मास्तरणीनं विचारलं.

"पोपटसुद्धा नाही."

"मग कसं कुत्रं हवं?"

"मोठं. राखणीचं. दारात बसलं की चोरानं दुसरी गल्ली धरावी असं."

"ते चोराला धरेल, पण तुम्हाला ते धरता येईल का? तसल्या कुत्र्याला पक्क्या हाताचं माणूस लागतं. पहिलंच कुत्रं तसलं आणलंत तर दोन महिन्यांत घर त्याचं आणि भाडेकरू तुम्ही."

छोटा खिदळला. मोठीनं विचारलं, "मग पिल्लू?"

"पिल्लू सगळं चावतं. चपला, वह्या, बोटं. त्याला दिवसभर माणूस लागतं. तुझे मामा त्याला बघतील की इस्त्रीला?"

"मग आम्हाला द्यायचं तरी काय, ठरवलंय का तुम्ही?" लाँड्रीवाला हसत म्हणाला.

ठरवलं होतं. 

शेवटच्या खोलीत एक तपकिरी कुत्री होती, चार-पाच वर्षांची. एक कान उभा, एक दुमडलेला. भुंकत नसे, म्हणून तिचं नाव मुकी. अंगानं मध्यम, स्वभावानं गरीब, अंगाशी लहान मूल आलं तर उठून बाजूला होणारी. नवख्या घराला याहून चांगली कुत्री शोधून सापडली नसती. पण दोन घरांनी तिला परत आणलं होतं. पहिल्या घरी ती पलंगाखालून बाहेरच आली नाही. दुसऱ्या घरी अन्नाला शिवली नाही. परत आली तेव्हा फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "तिसऱ्यांदा असं झालं तर ही टिकायची नाही गं. दिलीस तर खात्री करून दे."

खात्री करायची आसऱ्याची एक रीत होती. घरातल्या प्रत्येकाचा अंगात घातलेला, न धुतलेला एकेक कपडा मागवायचा आणि कुत्र्याच्या खोलीत रात्रभर ठेवायचा. कुत्रं त्यावर झोपलं तर समजायचं, त्या माणसांचा वास त्याला मानवला.

मास्तरणीनं हे सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला एक पुडकं घेऊन हजर. तिनं सोडलं. आत चार कपडे, कडक इस्त्रीचे, घडीवर घडी, आणि वर निळीचा मंद वास.

तिनं कपाळाला हात लावला. "न धुतलेले म्हटलं होतं मी!"

"हो, पण..." तो कानापर्यंत लाल झाला. "मळके कपडे कुणाच्या हातात कसे द्यायचे? उभ्या जन्मात दिले नाहीत."

"मुकीला घाम हवाय, नीळ नको!"

"म्हणजे मी जितका घाणेरडा, तितका पसंत?"

"तिला," मास्तरीण म्हणाली आणि उगाचच पट्ट्याची कडी नीट करू लागली.

तिसऱ्या दिवशी कपडे आले ते बरोबर आले. मोठीचा शाळेचा सदरा, छोट्याची माती लागलेली चड्डी, नर्सबाईंची ओढणी आणि त्याचा राखाडी स्वेटर, पहाटे भट्टी पेटवताना घालायचा. देताना तो इतका संकोचला की मुलंच हसायला लागली.

त्या संध्याकाळी गार वारा सुटला होता. अंघोळी घालून मास्तरीण चिंब झाली होती. खोलीत शेगडी पेटलेली होती, खुंटीवर तिची शाल होती. आणि खाटेवर तो स्वेटर.

तिनं तो नुसता उचलला. मग नुसता नाकाशी धरला... वाफ, कोळसा, आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. मग घटकाभरच, म्हणून अंगात घातला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. तशीच ती सगळ्यांना खायला घालून आली, तशीच शेगडीपाशी बसून राहिली, आणि दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा चोरासारखी उठून चारही कपडे मुकीच्या खोलीत ठेवून आली.

सकाळी डॉक्टरबाईंची हाक आली. "अगं, बघ तर खरं!"

मुकी स्वेटरच्या बाहीत नाक खुपसून गाढ झोपली होती. बाकीचे कपडे ठेवले तिथेच होते.

"जमलं!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "संध्याकाळी बोलाव त्यांना. घेऊन जाऊ देत."

मास्तरीण हसली, पण हसू ओठांतच अडकलं. मुकी कुणाच्या वासावर झोपली होती, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. काही बोलली नाही तर मुकी जाईल, मुलं आनंदानं नाचतील, आणि तिचं गुपित झाकलेलं राहील. कदाचित मुकी तिथे रमेलही. आणि नाही रमली तर? तिला फासळ्या आठवल्या. आणि खरं सांगायचं, तर त्या माणसासमोर उभं राहून सांगायचं तरी कसं?

संध्याकाळी ती मंडळी आली. छोट्यानं नवा पट्टा गळ्यात घातला होता, स्वतःच्याच.

"मुकी आज जाणार नाही," ती म्हणाली.

"का?" तिघांनीही एकदम विचारलं.

"ती तुमच्या वासावर झोपली नव्हती. माझ्या वासावर झोपली होती. तो स्वेटर... आधी मी घातला होता."

मोठीचा चेहरा उतरला. "म्हणजे मुकीला आम्ही आवडलोच नाही?"

"तसं नाही गं राणी. कळलंच नाही अजून. माझ्या चुकीमुळे कळलं नाही."

मोठी रडायला लागली. छोट्यानं रागानं गळ्यातला पट्टा काढला आणि मास्तरणीच्या पायाशी टाकला. "तू घाण आहेस!"

"ए!" मामानं दटावलं. दोघांना अंगणातल्या बाकावर बसवून तो परत आला.  मग हळूच, "थंडी वाजत होती?"

"हो."

"तुमच्या खोलीत शेगडी असते ना?"

"असते."

"पेटलेली होती?"

तिनं खाली बघितलं. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. त्याच्या केसांवर बारीक थेंब बसत होते.

"होती," ती म्हणाली. "शालही होती."

पुढचं त्यानं विचारलं नाही. नुसता बघत राहिला, दुकानात त्या दिवशी बघितलं होतं तसा, भुवया वर करून. फक्त आता उत्तर त्याला मिळालं होतं.

"सांगितलंत ते बरं केलंत," शेवटी तो म्हणाला. "मुलांचं मी बघतो. पण आता करायचं काय?"

"रोज या. मुकीच्या खोलीत बसा. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. तिलाच येऊ दे. आणि मी... मी तेवढा वेळ बाहेर थांबते."

"तुम्ही बाहेरच का?"

"माझा वास येईल ना."

"तिलाच ना?" तो म्हणाला, आणि ती पाठ फिरवून चालू लागली, कारण हसू आवरेना.

मग रोज संध्याकाळी दुकान थोडं लवकर बंद होऊ लागलं. तिघं भिंतीला टेकून बसत. मोठी मनातल्या मनात पाढे म्हणे. मुकी समोरच्या कोपऱ्यातून बघे आणि तोंड वळवी. मास्तरीण फटीतून डोकावे, तिचा जीव टांगणीला. असे कितीतरी दिवस गेले. डॉक्टरबाईंनी मान हलवायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी छोटा खेळून खेळून इतका दमला होता की बसल्या जागी पेंगला. डोकं भिंतीला, पाय पसरलेले. मुकी उठली. थांबली. पुन्हा बसली. मग पोट जमिनीला घासत, इंच इंच पुढे येत, तिनं छोट्याच्या बुटावर हनुवटी टेकली आणि एक मोठ्ठा सुस्कारा सोडला.

कुणी हललं नाही. लाँड्रीवाल्यानं दाराच्या फटीकडे बघितलं. फटीतला डोळा भरून आला होता.

मुकी त्यांच्या घरी गेली. पहिल्या रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशी छोट्याच्या ताटलीशेजारी बसून ताटली चाटूनपुसून साफ केली. मास्तरीण रोज तिला बघायला जाई. मुकीला बघायचं काम पहिल्या आठवड्यातच संपलं होतं. जाणं मात्र संपलं नव्हतं.

एकदा नर्सबाई पाळीवरून परतल्या तर दुकानात करपल्याचा वास. "दादा, धूर येतोय!"

तो दचकला. एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचं तपकिरी त्रिकोणी तोंड उमटलं होतं.

"आयुष्यात पहिल्यांदा," नर्सबाई म्हणाल्या आणि मास्तरणीकडे वळल्या. "मुकीला भेटायला आलात होय? ती वर झोपलीय. घोरतेय. तुम्ही खाली कुणाला बघताय?"

"मी निघतेच..."

"निघता कशाला? आमचा छोटा कालच विचारत होता, मावशीची मामी व्हायला किती दिवस लागतात?" असं म्हणून त्या जिना चढून गेल्यासुद्धा.

दुकानात भट्टीची ऊब होती. तो करपलेला शर्ट उगाचच घडी घालत होता.

"लोकांच्या कपड्यांचं मला सगळं कळतं," तो म्हणाला. "कुठला डाग कशानं जातो, कुठलं कापड किती ताप सोसतं. पण हे... हे कसं विचारतात ते कुणी शिकवलं नाही."

"सरळ विचारतात."

"रोज येता, ते... येऊ नका."

ती चमकली.

"म्हणजे जाऊच नका. इथेच राहा. माझ्याबरोबर."

तिनं त्याच्या हातातला शर्ट काढून घेतला, कारण घडी चुकत होती. "राहीन," ती म्हणाली.

त्या वर्षाअखेर त्यांनी लग्न केलं. मुकी त्या घरात दहा वर्षं राहिली, पलंगाखाली एकदाही गेली नाही, आणि मोठी नोकरीला लागली त्या हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, दुकानाच्या पायरीवर उन्हात झोपलेली असताना वारली.