बाळकुमच्या बांधावर कोण होतं?

पटलं तर बघा. नाही पटलं तरी माझी तक्रार नाही. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. हेमामावशी. ठाण्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं तिने. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच रस्त्याने जाणारी बाई. ती उगाच काहीबाही सांगणाऱ्यातली नाही.

तारीख १४ ऑक्टोबर २०२३. शनिवार. सर्वपित्री अमावस्या.

ठिकाण बाळकुम. खाडीचा काठ.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मावशीचं घर अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून खाली तिवरांचं रान दिसतं, खाडीच्या पाण्यात उभं असलेलं. खाडीचा एक चिंचोळा फाटा त्या रानात शिरतो. भरतीला पाणी त्यातून आत येतं, ओहोटीला परत जातं. तिवरं जगतात ती त्या पाण्यावर.

त्या वर्षी मे महिन्यात फाट्याच्या तोंडावर डंपर रिकामे झाले. माती, राडारोडा, तुटलेल्या लाद्या. चार दिवसांत छातीएवढा बांध उभा राहिला.

पाणी बंद झालं की तिवरं आपोआप वाळतात. कुऱ्हाड लावावी लागत नाही. मग झाडं मेली म्हणायचं, जमीन कोरडी आहे म्हणायचं... आणि एक दिवस तिथे नव्या टॉवरची पाटी लागते.

मावशी रोज गॅलरीतून बघायची. ओहोटी लागली की एक माणूस यायचा. एकटा. हातात फावडं. बांधाला खांड पाडायचा, पाण्याला वाट करून द्यायचा. दुसऱ्या दिवशी डंपर येऊन ती खांड बुजवायचा.

तो पुन्हा यायचा.

"खाली जाऊन विचारावं असं रोज वाटायचं," मावशी म्हणते. "रोज राहून जायचं."

जुलैत तो तीन दिवस दिसला नाही. चौथ्या दिवशी बांधापाशी गर्दी दिसली. पोलीस दिसले.

त्याचं नाव रघू. बाळकुमच्या जुन्या कोळीवाड्यातला. पाय गाळात रुतला, वरून भरती आली, असं म्हणाले. अपघात म्हणून नोंद झाली.

त्या संध्याकाळी मावशी खाली उतरली. शोधत शोधत रघूच्या मोठ्या भावाच्या, सहदेवच्या दारात गेली.

"तुमच्या भावाचं काम आता कोण करतंय?"

"कोन करनार, बाय?"

"मग मी येते."

अशी सुरुवात झाली. दर रविवारी बिल्डिंगमधली, गावातली मिळून चाळीस माणसं जमायला लागली. तिवरांत अडकलेलं प्लास्टिक काढायचं, फाटकी जाळी ओढायची, बांधाच्या तक्रारी लिहायच्या. साहेब लोक आले, फोटो काढून गेले. बांध जागच्या जागी राहिला.

आणि मग बोलवा उठली.

तिन्हीसांजेला बांधावरून आवाज येतो म्हणे... फावड्याचा...

खच्च... खच्च...

बांधाचं काम बघणारा पोपट नावाचा मुकादम होता. त्याने मावशीला रस्त्यात गाठलं.

"मॅडम, तिकडे फिरू नका. गिऱ्हा लागलाय त्या जागेला. पाण्यातलं भूत. पाय धरून खाली ओढतं."

"बरंच झालं," मावशी म्हणाली. "रविवारी आम्हाला माणसं कमीच पडतात."

तिची खात्री होती, ही बोलवा पोपटनेच उठवलीय. पण लोक घाबरले. चाळिसाचे वीस झाले, विसाचे आठ. सप्टेंबरअखेर तिघंच उरले. मावशी, सहदेव आणि तिच्या शेजारचा मितेश.

आता त्या शनिवारचं.

दुपारी सहदेवच्या घरी रघूच्या नावाचं पान वाढलं होतं. मावशीही तिथेच जेवायला होती. कौलावर पान ठेवलं. बाळकुमात कावळ्यांना तोटा नाही.

एकही आला नाही.

तास गेला... दोन तास गेले... पान वाळलं. सहदेव उठून आत गेला.

पाच वाजता मितेशचा फोन आला. तो गॅलरीत दुर्बीण लावून बसला होता.

"हेमाआंटी, बांधाच्या आत डबक्यात काहीतरी मोठं हलतंय. जिवंत आहे."

सहदेव धावत जाऊन काठावरून बघून आला. धापा टाकत होता.

"कासव हाय, बाय. समुद्राचा. दुपारच्या उधानाला पानी बांधावरून आत आला, त्याच्यासंगं आलाय. आनि जाल्यात गुतलाय."

मावशीने प्राणिमित्र संस्थेला फोन लावला. गाडी लगेच निघाली, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. दोन तास तरी लागतील म्हणाले.

दोन तास नव्हते.

कासव पाण्यात राहतं, पण श्वास हवेत घेतं. जाळं तिवराच्या मुळांना अडकलेलं. भरतीचं पाणी झिरपून डबकं भरलं, की कासवाला डोकं वर काढता येणार नव्हतं. ते पाण्यात बुडून मेलं असतं.

ठरलं असं. मितेशने रस्त्यावर गाडीची वाट बघायची. सहदेवने खाडीच्या बाजूने होडी घेऊन यायचं आणि बाहेरून बांधाला खांड पाडायची. मावशीने आत जाऊन जाळं कापायचं.

मावशी निघाली तेव्हा सूर्य बुडत होता. कमरेला कोयती, कपाळाला टॉर्च. गाळ गुडघ्यापर्यंत. एक पाऊल काढायला दोन मिनिटं.

मध्येच ती थांबली.

कुणीतरी श्वास सोडला होता...

लांब... जड... म्हाताऱ्या माणसासारखा.

हाऽऽऽ...

तिने टॉर्च वळवला. हिरवट पाठ, जाळ्यात आवळलेला वल्ह्यासारखा पर, आणि पाण्याबाहेर कसंबसं काढलेलं तोंड. कासवच होतं.

"आले रे बाबा," ती म्हणाली आणि गाळात बसूनच कापायला लागली. नायलॉनचा एकेक पीळ. कासवाच्या मानेत दोरा रुतला होता.

तेवढ्यात बांधाकडून आवाज आला.

खच्च...

खच्च...

मावशीला हायसं वाटलं. सहदेव पोचला.

"सहदेवभाऊ, थोडं डावीकडून! तिकडे माती मऊ आहे!"

आवाज थांबला.

मग डावीकडून सुरू झाला. खच्च... खच्च...

ती कापत राहिली. मध्ये मध्ये बोलत राहिली. मानेचा दोरा निघाला, आता पर राहिला, पाणी किती अंतरावर आहे. पलीकडून उत्तर नव्हतं. सहदेव दुपारपासून कमीच बोलत होता, तिला नवल वाटलं नाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला.

सहदेव.

"बाय, होडी गालात रुतली. मी अजून जेट्टीपाशीच हाय. तू एकली थांबू नको, वर ये!"

मावशी फोन कानाला धरून तशीच बसली.

बांधावरचा आवाज थांबला होता.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं... रातकिडे नव्हते. तिवरांत तिन्हीसांजेला डासांचे ढग असतात, त्यातला एकही डास नव्हता. गाळात खेकड्यांची असंख्य बिळं असतात.

सगळी बुजलेली होती. आतून.

तिला पहिल्यांदा राग आला. पोपटचीच माणसं असणार. ती उठली, गाळ तुडवत बांधाशी गेली. टॉर्च मारला.

बांधाला हातभर खांड पडलेली. ओली. ताजी. तिने सांगितलं होतं तिथेच, डावीकडे.

आसपास कुणी नव्हतं.

ओल्या गाळावर पावलं होती... फक्त तिची.

मावशी सांगते, तेव्हा पळावं असं वाटलं, पण गाळात कुणाला पळता येतं? आणि मागे कासवाने पुन्हा श्वास सोडला.

मग ही बाई काय करते?

ती त्या रिकाम्या बांधाकडे बघून वर्गात बोलतात तशी बोलली.

"कोण आहेस मला माहीत नाही. भिववायला आला असशील तर उद्या ये, आज मला वेळ नाही. मदतीला आला असशील तर थांबू नकोस. अर्ध्या तासात पाणी येईल."

एवढं बोलून तिने बांधाकडे पाठ केली. कासवापाशी जाऊन बसली. कोयती उचलली.

बराच वेळ काहीच नाही...

आणि मग...

खच्च.

खच्च.

खच्च.

आता आवाज भराभर येत होता. घाईत असल्यासारखा.

मावशीने मागे वळून बघितलं नाही. कापत राहिली.

सातच्या पुढे रस्त्याच्या बाजूने बांधावर दोन टॉर्च आले. पोपट आणि त्याचा एक माणूस.

"ओ मॅडम! काय चाललंय? बांध फोडताय? केस होईल तुमच्यावर!"

"करा केस," मावशी तिथूनच ओरडली. "पंचनाम्याला मी येते. हा बांध घातला कुणी, तेही त्यात लिहून घेऊ."

पोपट काहीतरी बोलणार होता. त्याने टॉर्च खांडीवर मारला. बोलायचं राहिलं.

उजेडात मातीचं ढेकूळ उचललं गेलं... आणि बाजूला पडलं.

थप्प.

दुसरं उचललं गेलं.

थप्प.

उचलणारं कुणी नव्हतं.

पोपटबरोबरचा माणूस आल्या वाटेने पळाला. पोपट जागेवरच उभा.

"मॅडम..." त्याचा आवाज बारीक झाला होता. "तुमच्याबरोबर कोण आहे?"

मावशी म्हणाली,

"आमच्या ग्रुपचा माणूस आहे. काही बोलायचंय त्याच्याशी?"

आणि कुणीतरी हाक मारली.

"पोपट..."

हळू. अगदी मायेने. झोपलेल्या पोराला उठवावं तशी.

पोपट ओरडला नाही. फक्त मागे मागे सरकत गेला, वळला, आणि दिसेनासा झाला.

मावशी मात्र गोठली होती.

कारण हाक बांधावरून आली नव्हती.

ती आली होती तिच्या मागून. पाण्यातून. हाताच्या अंतरावरून.

आयुष्यभर मुलांना सांगत आली, आधी नीट निरीक्षण करा. त्या वेळी तिने वळून बघितलं नाही. शेवटचा पीळ कापला. कासवाचा पर सुटला.

तेवढ्यात खांडीतून पाणी आत घुसलं. आधी धार, मग लोंढा. डबकं हलायला लागलं. कासवाने दोनदा पर मारले, वळलं, आणि खांडीच्या दिशेने निघालं. अंगावरून जाताना त्याची खडबडीत पाठ मावशीच्या मांडीला घासली.

खांडीच्या तोंडाशी भरतीच्या पाण्यावर सुटलेली सहदेवची होडी आली होती. त्याने वाकून पाण्यात हात घातला, कासवाच्या पाठीला लावला आणि तोच हात कपाळाला लावला. कासव मोठ्या खाडीच्या पाण्यात गेलं. संस्थेची गाडी तोवर पोचलीच नव्हती.

होडीत बसल्यावर सहदेवने बांधाकडे बघितलं. पुरुषभर रुंद खांड.

"ही कुनी पाडली, बाय?"

मावशीने सगळं सांगितलं. सहदेव ऐकत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसत नव्हता.

"आनि हाक? हाक पन रघूनंच मारली?"

"हो. पोपटला. नावाने."

सहदेवने वल्हं थांबवलं.

"बाय... आमचा रघू मुका व्हता. जन्मापासनं."

पुढे काय झालं तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी खांड बुजवायला डंपर आला. पण कासवाची बातमी मितेशने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली होती. बांधावर एकशेदहा माणसं उभी होती. कोळीवाड्यातल्या बायका पुढे, पदर खोचून. मावशी सर्वांत पुढे, डंपरच्या चाकासमोर खुर्ची टाकून बसलेली. डंपर तासभर हॉर्न वाजवून परत गेला. जानेवारीत उरलेला बांधही निघाला. पावसाळ्यापर्यंत तिवरांना नवी पानं फुटली.

पोपटने ते काम सोडलं. आंबिवलीला राहतो म्हणे. धडधाकट आहे. त्या संध्याकाळबद्दल विचारलं की फोन ठेवतो.

फावड्याचा आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही.

मागच्या महिन्यात मी डोंबिवलीहून मावशीकडे गेलेलो. तेव्हा तिने हे सगळं पहिल्यांदा सविस्तर सांगितलं.

"रघू होता त्याची मला भीती नाही," ती म्हणाली. "त्याला काय हवं होतं ते मला कळतं. दुसरं जे पाण्यात होतं ना... त्याला काय हवंय, ते अजून माहीत नाही."

"तरी दर रविवारी जातेस?"

"जाते की. गेल्या रविवारीपण गेलेले. ओहोटी होती, सगळे लांब पांगले होते. तिवरांच्या आतून हाक आली... 'हेमा'. तिथे मला मॅडम म्हणतात, बाय म्हणतात, नाहीतर आंटी. नुसतं हेमा कुणी म्हणत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. "मग? तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, काम चालू आहे, थांब."

हे सांगताना ती हसली.

पण रात्री झोपायच्या आधी तिने गॅलरीचं दार लावलं. वरची कडी घातली, खालची घातली. मग डायनिंग टेबलची खुर्ची ओढून दाराला लावली.

मी विचारलं नाही.

अकराव्या मजल्यावर तिला कुणाला अडवायचं होतं, ते तिनेही सांगितलं नाही.