निपचित विषय

दर सोमवारी सकाळी मालविका केळुस्कर यांच्या पडद्यावर निपचित विषयांची यादी येई. 'पेटीकट्टा' हा हौसेने हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांचा ऑनलाइन मंच, आणि मालविकाताई त्याच्या नियंत्रक. नियम साधा होता. ज्या चर्चेत एकशे ऐंशी दिवस कुणी अक्षर लिहिलं नाही, तिला कुलूप. मग ती वाचता येई, पण तिच्यात लिहिता येत नसे. भात्याला कोणतं चामडं लावावं, दमट हवेत पट्ट्या फुगतात त्याला काय करावं, अशा कितीतरी चर्चा त्यांनी आजवर बंद केल्या होत्या. एकच विषय मात्र त्या यादीत कधी येऊच देत नसत. 'काळी चार चिरकते, उपाय सांगा.' विचारणारा, शार्दूल.

शार्दूल त्यांचा मुलगा. वय तेवीस. नऊ वर्षांपूर्वीही ते तेवीसच होतं.

स्नायू झिजवणारा रोग त्याला झाला तेव्हा हाती सहा महिने होते, आणि औषध निघायला वीस वर्षं तरी लागतील असं सगळे सांगत होते. ती वीस वर्षं ओलांडण्याचा एकच मार्ग होता, मंदायन. यात माणसाला गोठवत नाहीत. त्याच्या देहातली प्रत्येक रासायनिक क्रिया हजारपट मंद करतात. हृदय मंद, रोग मंद आणि विचारही मंद. कोमट द्रावाच्या कुंडात तो तरंगत असतो. डोळ्यांसमोर पडदा असतो आणि बुबुळाच्या हालचालीने अक्षरं उमटवता येतात. आपलं एक वर्ष म्हणजे त्याचे पावणेनऊ तास. आपला दिवस त्याला जेमतेम दीड मिनिटाचा.

शार्दूलला जायचं नव्हतं. "सहा महिने तर सहा महिने, मला माझ्या घरात राहू दे," तो म्हणाला होता. मालविकाताईंनी ऐकलं नाही. रडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत, शेवटी त्याच्याकडून सही घेतलीच. कुंडात उतरताना तो म्हणाला, "आई, तू मला जिवंत पुरते आहेस." आणि आत गेल्यावर पहिली गोष्ट त्याने केली ती ही, की घरच्यांचे निरोप बंद करून टाकले. तो हक्क रुग्णाचाच होता.

पेटीकट्टा मात्र त्याने चालू ठेवला. त्याची अर्धवट उघडलेली पेटी घरी जेवणाच्या टेबलावर पडली होती, तिच्याबद्दल त्याने प्रश्न टाकला. सांगलीचे गुरवकाका म्हणून सत्तरीचे एक जाणते सभासद होते, त्यांनी प्रेमाने सविस्तर उत्तर दिलं. शार्दूल खुलला. त्याने आणखी दोन प्रश्न विचारले आणि मग झोपला. आठ तास झोपला, म्हणजे बाहेर अकरा महिने गेले. उठला तेव्हा विषयाला कुलूप लागलेलं होतं. पुढचे तीन आठवडे त्याने डोळे मिटूनच काढले, असं मंदालयाच्या डॉक्टर मुजावरांनी कळवलं. त्याच्या हिशेबाने तो अर्धा तास असेल.

मालविकाताईंना पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या कट्ट्याच्या सभासद झाल्या, नको असलेली कामं अंगावर घेतली आणि दोन वर्षांत नियंत्रक झाल्या. कुलूप काढलं. दर पाच महिन्यांनी त्या विषयात कुणाला तरी विनवून एखादी ओळ लिहून घेत.

चौथ्या वर्षी गुरवकाका गेले. त्यानंतर सव्वा वर्षाने शार्दूलने लिहिलं, "काका, पुढची पायरी सांगा ना. कुठे गेलात?"

मालविकाताई तीन दिवस त्या ओळीकडे पाहत राहिल्या. काकांचं खातं उघडणं नियंत्रकाच्या हातात होतं. त्यांनी काकांच्या बंद पडलेल्या शेकडो चर्चा वाचून काढल्या. टेबलावरची पेटी समोर ओढली. पितळी रीड टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, हे त्यांनी चार रीडा वाया घालवून शिकून घेतलं. मग काकांच्या नावाने उत्तर लिहिलं. "आलो रे बाळा. जेवत होतो."

तिथून पुढे मुलाशी त्यांचं बोलणं सुरू झालं. पेटीचंच. पण सुरू झालं.

नवव्या वर्षी त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी चार महिने सांगितले. त्याच आठवड्यात कट्ट्यावर शार्दूलचं लेखन आलं.

"काका, एक घरगुती सांगू? आईशी भांडून आलोय. तीन दिवस झाले, तिचे निरोप बंदच ठेवलेत. खरं तर राग उतरलाय, पण लगेच बोललो तर तिला वाटेल तिचंच बरोबर होतं. अजून एक दिवस ताणतो. आता झोप आली."

मालविकाताई दुसऱ्या दिवशी मंदालयात गेल्या. काचेपलीकडे शार्दूल तरंगत होता. मिशी अजून कोवळीच होती.

"त्याला आकडा ठाऊक नाही का, डॉक्टर? त्याचा एक दिवस म्हणजे आपली पावणेतीन वर्षं."

"पाठ आहे त्याला," मुजावर म्हणाले. "पण ताई, राग आकड्याला विचारून थांबत नाही. त्याच्या जिवाला तीनच दिवस झालेत. तीन दिवसांचा अबोला कुणाला मोठा वाटतो?"

"तो उठेल कधी?"

"अकरा महिन्यांनी."

मालविकाताईंच्या हाती चारच होते. मग हळूच म्हणाल्या, "मध्येच उठवता येईल?"

"येईल. चार दिवसांत डोळे उघडेल." मुजावरांनी चष्मा काढून हातात धरला. "पण मंद देहाची जी काही डागडुजी होते, ती झोपेतच होते. ही झोप मोडली तर रोग एकदम पुढे सरकेल. किती, ते मी सांगू शकत नाही. सही तुमचीच लागेल."

मालविकाताई काचेपाशी उभ्या राहिल्या. एकदा त्याच्याकडून सही घेताना त्यांनी त्याचं ऐकलं नव्हतं. आता तो झोपेत होता, विचारायचीही सोय नव्हती.

"झोपू दे त्याला," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने त्या विषयात लिहिलं. "शार्दूल, मी आई. गुरवकाका पाच वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरची उत्तरं माझी आहेत. काळी चार आता चिरकत नाही, मी वाजवून पाहिली. तुला पाठवताना तुझं ऐकायला हवं होतं. मला खूप बोलायचंय तुझ्याशी." आजाराचं त्यांनी लिहिलं नाही. बोटं तिथे अडली ती अडलीच.

विषयाची किल्ली, म्हणजे आपले नियंत्रकाचे हक्क, त्यांनी मुजावरांच्या हाती दिले. "दर पाच महिन्यांनी काहीतरी लिहा, कुलूप लागू देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि एक. मी काकांच्या नावाने लिहिलं, ते बरं केलं की वाईट, मला सांगता येत नाही. माझ्या नावाने मात्र कुणी लिहायचं नाही."

साडेतीन महिन्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर साडेसात महिन्यांनी शार्दूल उठला. मुजावर रोज पडदा पाहत होते. एकेक अक्षर यायला दहा-दहा मिनिटं लागत होती. संध्याकाळी सुरू झालेलं लेखन तिसऱ्या दिवशी पुरं झालं.

"आई! तू आणि पेटी? चार रीडा तरी मोडल्या असशील. माझा राग कधीच गेला गं, मीच उगाच ताणलं. मलाही खूप सांगायचंय. डोळ्यांवरची झोप तेवढी जाऊ दे. पाचच मिनिटं थांब."

पाच मिनिटं म्हणजे साडेतीन दिवस. मुजावरांना तेवढा वेळ लागला नाही. मालविकाताईंचं खातं त्यांनी एकदा उघडलं आणि मिटलं. मग स्वतःच्या नावाने, तासाभरात, चार ओळींत जे घडलं ते लिहून टाकलं.

ते उत्तर पडद्यावर उमटलं तेव्हा शार्दूलची जांभई अजून पुरी व्हायची होती.