चौऱ्याण्णव

आमचं शेत जाम नदीच्या पलीकडे, सावरगावच्या अंगाला. दोन एकर. त्यात संत्र्याची झाडं, एक विहीर आणि विहिरीला लागून टिनाच्या छपराची, टिनाच्याच दाराची एक खोली. बाबा पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या बागेत जायचा. घरून निघालं, नदी उतरली आणि पलीकडची, शेतांमधून जाणारी पांदण धरली की पंचवीस मिनिटांत माणूस विहिरीशी पोचतो. दोन हजार एकवीसच्या एप्रिलात ही वाट मी रोज चालले, हातात डबा घेऊन. सकाळी दहाच्या सुमारास निघायचं आणि साडेअकरापर्यंत परत यायचं.

मी तेव्हा माहेरी होते. माझी सायली दहा महिन्यांची होती. नवरा नागपूरला होता, रस्ते बंद झाले आणि मी इकडेच अडकले. आईला साखरेचा आजार. बाबांना ताप भरला त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. ते उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. अंगणातूनच त्यांनी आईला सांगितलं की माझी सतरंजी, पांघरायला दोन जुनी लुगडी आणि पाण्याची कॅन बाहेर ठेव, मी शेतात झोपतो. आई रडायला लागली तर म्हणाले, घरात तू साखरेची, हे एवढंसं लेकरू, मी इथं राहून काय करू. मोबाइलही त्यांनी घरीच ठेवला. रोज कुणीतरी गेल्याचा फोन येत होता, ते त्यांना ऐकवत नव्हतं.

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. आमच्या वॉर्डात अलकाताई आशा कार्यकर्ती होत्या. त्यांनी फाटकाबाहेरूनच मला गोळ्यांची पुडी दिली आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र दिलं. आकडा ब्याण्णवच्या खाली आला की मला लगेच फोन कर, आपण कुठल्यातरी दवाखान्यात खाट शोधू, असं त्या म्हणाल्या. कुठं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. छिंदवाडा, नागपूर, सगळीकडून लोक तसेच परत येत होते.

डब्याचा नियम बाबांनीच ठरवला. भरलेला डबा विहिरीच्या काठावर ठेवायचा, कालचा रिकामा उचलायचा आणि मागं येऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली उभं राहायचं. मग ते खोलीच्या दारात येऊन बसत, यंत्र बोटाला लावत आणि आकडा ओरडून सांगत. आमच्यात शंभरेक पावलांचं अंतर असे. तिथून त्यांचा चेहरा नीट दिसत नसे. डोक्याचा पांढरा दुपट्टा दिसे आणि हात दिसे.

पहिल्या दिवशी पंच्याण्णव सांगितला. मग चौऱ्याण्णव. मग रोज चौऱ्याण्णवच. मी घरी येऊन अलकाताईंना फोन करायची. त्या म्हणायच्या, चांगलं आहे, टिकून आहे.

बाग ताणावर होती. मृगाच्या बहरासाठी पाणी तोडलं की झाडं पानं गाळतात. वारा नसला तरी पान सुटे आणि खालच्या पानांवर पडे. गावात गाड्या नव्हत्या, बाजार नव्हता, त्यामुळे तेवढाही आवाज मोठा वाटे. मास्कमध्ये मी कापूर-ओव्याची पुरचुंडी ठेवायची, सगळेच ठेवायचे. त्यामुळे मला त्या दिवसांत कापराशिवाय दुसरा कसलाच वास आला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

सोमवारी बाबा दारात आले, पण बसायला त्यांना वेळ लागला. दाराची चौकट धरून ते हळूहळू खाली झाले. आकडा सांगितला तो मला ऐकूच आला नाही. मी पुन्हा विचारलं तर चार बोटं दाखवली. मी त्यांना सांगितलं की सायली आज पलंगाला धरून उभी राहिली. ते हसले असावेत, कारण लगेच खोकल्यानं त्यांना धरलं आणि तो खोकला थांबेना. मी दोन पावलं पुढं टाकली. त्यांनी तिथूनच हात वर केला.

"तिथंच राह्य," ते म्हणाले. "जा आता. ऊन वाढून राहिलं."

त्यांना मी डोळ्यांनी पाहिलं ते शेवटचं.

मंगळवारी दार लावलेलं होतं. कालचा डबा विहिरीच्या काठावर धुऊन पालथा ठेवलेला होता, नेहमीसारखा. मी नवा ठेवला, धुऱ्यावर आले आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसरी हाक मारली. एक पान पडलं. मी चप्पल काढली. का काढली ते सांगता येणार नाही, पण खोलीत जायचं असं मनात आलं होतं आणि पाय आपसूक चपलेतून निघाले.

"प्रज्ञा... येऊ नको."

मी थांबले. आवाज बाबांचाच होता. पण त्यात खोकला नव्हता, घरघर नव्हती. मी शाळेत असताना ते पहाटे पाणी सोडून घरी यायचे आणि मला उठवायचे, तेव्हाचा तो आवाज होता. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, दार काहून लावलं. ते म्हणाले, झळ लागते. मी आकडा विचारला.

"चौऱ्याण्णव."

मी खूश होऊन घरी आले. आईला सांगितलं की खोकला गेला, आवाज मोकळा झाला. आईनं त्या दिवशी आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर खाल्लं. रात्री सायलीला थोपटताना मात्र एक गोष्ट मनात आली. टिनाच्या दाराआडून माणूस बोलला की आवाज घुमतो. लहानपणी आम्ही त्या खोलीत लपून मुद्दाम ओरडायचो, तो घुमण्यासाठीच. बाबांचा आवाज घुमला नव्हता. आपण भलतंसलतं मनात आणतो आहोत, असं म्हणून मी कूस बदलली.

बुधवारीही तसंच झालं. दार बंद, डबा धुतलेला. मी म्हटलं, बाबा, उद्या सायलीले घेऊन येते, धुऱ्यावरूनच दाखवते तुम्हाले, दार थोडं उघडजा. मग ते बोलले. त्यांचं रागावणं मला माहीत होतं. हे रागावणं नव्हतं. विनवणी होती.

"लेकराले आनू नको. तूबी अंदर येऊ नको. मी काही म्हटलं तरी येऊ नको..."

मी काही म्हटलं तरी, म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आकडा मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितला.

गुरुवारी मी पोचले तेव्हा खोलीच्या दारावर माशा होत्या. टिनावर काळे ठिपके हलावेत तशा. मी स्वतःला समजावलं की आत उष्टं पडलं असेल. डबा ठेवला, धुतलेला उचलला. या वेळी मी हाक मारलीच नाही. नुसती उभी राहिले. तेच बोलले.

"उद्या तू येऊ नको. अलकाबाईले पाठव. किट घालून ये म्हना."

"काय होऊन राहिलं, बाबा?"

"काही नाही होऊन राहिलं. आता काही नाही. तुह्या मायले सांग, काल भाजी चांगली झाली होती."

मी परत येताना पांदणीतून जवळजवळ धावतच आले. घरी येऊन अलकाताईंना फोन लावला आणि बाबा असं म्हणाले म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, आजच येते. पण त्या दिवशी त्यांच्याकडे सात घरं होती आणि किट एकच. शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. मी धुऱ्यावर थांबले.

अलकाताईंनी दार ढकललं. आतून कडी होती. त्या दारापासून मागं फिरल्या आणि शेजारच्या वावराकडे गेल्या. तिथं रामाजी होते. त्यांचं शेत आमच्या शेताला लागूनच आहे आणि बाबांशी त्यांचं तीस वर्षांचं जाणंयेणं होतं. ते तोंडाला दुपट्टा बांधून लोखंडी सब्बल घेऊन आले. कडी तुटली तेव्हा दार आत जाईना. बाबा दाराला पाठ लावून बसले होते. कुणी आत येऊ नये म्हणून बसतात तसे.

अलकाताई बाहेर आल्या आणि धुऱ्यावर माझ्यापासून लांबच खाली बसल्या. किटच्या आतून त्यांचा आवाज आला.

"प्रज्ञा, तुझं बोलनं कवा झालं म्हनतेस?"

"काल."

त्यांनी मान हलवली. सोमवारी गेले असावेत, त्या म्हणाल्या, सोमवारी दुपारी नाहीतर रात्री. आज शुक्रवार आहे. मी म्हटलं, डबे? रोजचा डबा धुतलेला होता. आत अन्नाचा एक कणही नव्हता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. भिंतीवर मात्र बाबांनी कोळशानं आकडे लिहून ठेवले होते, वारांसकट. मला ऐकवलेले नव्हेत, खरे. पंच्याण्णव एकदाच होता. मग एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, त्र्याऐंशी. सोमवारपुढं अठ्ठ्याहत्तर. त्यानंतरची भिंत कोरी होती.

म्हणजे जिवंत असतानाच ते माझ्याशी खोटं बोलत होते. मी ब्याण्णवच्या खालचा आकडा ऐकला असता तर अलकाताईंना फोन केला असता, गाडी पाहिली असती आणि त्यांना धरून त्या गाडीत बसवलं असतं. ते त्यांना माहीत होतं. मी त्यांना धरलं असतं, हेच त्यांना नको होतं. खाट मिळाली असती की नाही, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारते.

नगरपालिकेची गाडी आली. किट घातलेले चार जण उतरले. त्यातला एक बाबांसोबत पाणी खात्यात होता. चेहरा दिसत नव्हता, पण खांदा द्यायच्या वेळी तो "सुखदेवभाऊ" म्हणाला आणि त्याचे खांदे हलायला लागले, त्यावरून मला कळलं. बाबांना पांढरं कापड घालायला मिळालं नाही. मोक्षधामात मला फाटकाशी उभं केलं. मी मास्कमधूनच त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. शेवटच्या ओळीला मी अडले, तर पलीकडून त्या माणसानं ती पुरी केली.

आईला मी सगळं सांगितलं नाही. बाबा गुरुवारी गेले, एवढंच सांगितलं. भाजी चांगली झाली होती म्हणाले, हेही सांगितलं. आईनं विचारलं, कोनती भाजी, बुधवारची? मी हो म्हटलं. बुधवारी तिनं वांग्याची केली होती. ती पुढं कितीतरी दिवस वांगं चिरताना थांबायची. आमच्या तिघींच्याही तपासण्या झाल्या. आईला काही निघालं नाही, सायलीला नाही, मलाही नाही. अलकाताई म्हणाल्या की त्या खोलीत गेली असतीस तर तुझं माहीत नाही, पण तुझ्या मायचं सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून रामाजी माझ्याशी बोलले नाहीत. समोरून येताना दिसले की वाट बदलायचे. मला वाटलं, बिमारीची भीती असेल. जुलैत मी एकदा बाग पाहायला गेले तेव्हा ते आपणहून धुऱ्यापर्यंत आले. तब्येतीनं बरेच उतरले होते. त्यांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि खाली पाहतच विचारलं की तुले राग नसला तर एक सांगतो.

ते म्हणाले, त्या मंगळवारी मी पांदणीच्या तोंडाशी बैल बांधून राहिलो होतो. तू डबा घेऊन परत चालली होती आणि तुह्या मागं सुखदेव होता. तोंडाले दुपट्टा बांधलेला. मले राग आला. मी त्याले ओरडणारच होतो, का बाबा, इतका बिमार असून पोरीच्या मागं काहून फिरून राहिला. तेवढ्यात त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि तुह्याकडे दाखवलं. बुधवारीबी तसाच. गुरुवारी तू धावून राहिली होती, तर तोबी...

मी विचारलं, किती मागं होते.

"दहा पावलं. तू थांबली का तोही थांबे. नदी उतरून पार तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, मी टेकाडावरून पाह्यलं."

"मग परत केव्हा आले?"

रामाजींनी टोपी घातली, पुन्हा काढली. पांदणीकडे पाहत राहिले.

"तेच तं मले समजून नाही राहिलं, बाई," ते म्हणाले. "तिन्ही दिवस मी सांजवेळपर्यंत तिथंच होतो. त्याले जाताना पाह्यलं. परत येताना एकदाही नाही पाह्यलं."