घरट्यासाठी घेतलेला प्रवेश

“त्याला सोडू नकोस गं, गार्गी. दोघं असाल तर वर्ग. एकटी उरलीस तर मी कुलूप लावणार.”

नीलाताईंनी हे सांगितलं ते मार्चमध्ये. पण दर शनिवारी सकाळी पावणेआठला सहदेवचा नंबर तिसऱ्यांदा लावताना गार्गीला ते जसंच्या तसं ऐकू यायचं, त्यातल्या ‘गं’सकट. पोथीचा रोजचा अध्याय झाल्यावर तासभर तरी तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही, असा तिचा नेम होता. तो नेम या माणसापायी दर आठवड्याला मोडता मोडता राहायचा. ती फोन कानाला लावून पुटपुटायची, उचल रे बाबा… देवाशप्पथ, उचल.

दौलतनगरातल्या एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर नीलाताई कथक शिकवत. लहान मुलींचे वर्ग तुडुंब भरलेले. मोठ्यांचा वर्ग मात्र गळक्या बादलीसारखा. दिवाळीनंतर नऊ जणी आल्या होत्या. एकीचे गुडघे, एकीची सासू, एकीची बदली… फेब्रुवारी उजाडेपर्यंत उरली एकटी गार्गी.

ती चौतीस वर्षांची होती. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायची. लहानपणी नाच शिकायचा म्हटलं की वडील म्हणायचे, आधी परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्या, नोकरी लागली, वडील गेले, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आता नको म्हणणारं कुणी उरलेलंच नाही. तिने स्वतःच्या हाताने घुंगरू ओवले. एकेक घुंगरू, एकेक गाठ, आणि प्रत्येक गाठीला मनातल्या मनात देवाचं नाव. या वयात शिकण्याचं सुख तिला अगदी साधं वाटायचं. बाहेर डबा घेऊन कुणी बसलेलं नसतं. शेजारणीच्या मुलीशी तुलना नसते. पाय चुकला तर आपला, आणि सोळा मात्रा फिरून तो बरोब्बर समेवर पडला, तर तोही आपलाच. त्या क्षणी तिला देवळात घंटा वाजवल्यासारखं वाटायचं.

आणि याच सुखाच्या आड सहदेव परब आला होता.

फेब्रुवारीतल्या एकादशीचा दिवस. पोटात उपास, खांद्यावर घुंगरांची पिशवी आणि लिफ्ट बंद. चार मजले चढून गार्गी वर पोचली, तर लिफ्टचा मेकॅनिक हत्यारं पसरून जिन्याच्या खिडकीला नाक लावून उभा.

“लिफ्ट कधी होईल हो?”

“झालीये मघाशीच,” तो वळूनही न बघता म्हणाला.

“मग चालू का नाही केली?”

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीबाहेर दाखवलं. नीलाताईंच्या हॉलच्या ग्रिलला, एका सुटलेल्या तारेवर, वाळक्या पानांची आणि जाळ्याची एवढीशी थैली लोंबत होती. “शिंजीर आहे. मोटर लावली की ग्रिल थरथरतं. ती आत्ताच आत बसलीये. दोन मिनिटं, मॅडम.”

गार्गीच्या पिंढऱ्या दुखत होत्या. पक्षी असेल अंगठ्याएवढा. त्याच्यासाठी अख्खी सोसायटी पायी चढतेय. तिने जी नजर टाकली, ती पाहून एखादा शहाणा माणूस निघून गेला असता.

हा गेला नाही. हॉलच्या खिडकीतून घरटं जास्त चांगलं दिसतं, तेव्हा महिनाभर मंगळवार-शनिवार इथे उभं राहू द्याल का, असं त्याने नीलाताईंना विचारलं. नीलाताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. उभं राहायचंय ना, मग पायांनी काहीतरी करत उभं राहा, असं म्हणून प्रवेशाचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. आणि त्या भल्या माणसाने तो भरला!

त्याचं नाचणं म्हणजे गार्गीच्या संयमाची परीक्षा होती. ‘ता थेई थेई तत्’ म्हटलं की उजवा पाय पडायला हवा. याचा डावा पडायचा, तोही चौकशी केल्यासारखा. चक्कर कुठूनही सुरू होवो, संपायची खिडकीकडे तोंड करून. मार्चमध्ये घरट्यातली दोन्ही पिल्लं उडाली. पुढच्या शनिवारी सहदेव आला नाही, आणि तेव्हाच नीलाताईंनी ते कुलपाचं वाक्य ऐकवलं.

तेव्हापासून गार्गीचे फोन सुरू झाले. पहिला तो कधीच उचलायचा नाही. दुसरा वाजून वाजून थांबायचा. तिसऱ्याला शांतपणे, “बोला मॅडम.” कधी कुठल्या टॉवरची लिफ्ट अडकलेली असायची, कधी आई पेज पिऊन जा म्हणत असायची. बहुतेक वेळा मात्र तो पहाटेपासून नॅशनल पार्कात दुर्बीण घेऊन उभा असायचा आणि तिथूनच उशिरा, धावत, वर्गात यायचा. पावसाळा सरल्यावर तर त्याच्या पँटला चिकटून कुसळं यायला लागली. ती हॉलभर सांडायची आणि अनवाणी नाचणाऱ्या गार्गीच्या टाचेत शिरायची. एका शनिवारी तिसरं कुसळ उपसताना तिचा नेम मोडलाच.

“तुम्ही माणूस आहात की झुडूप?” ती म्हणाली.

तो मटकन खाली बसला आणि एकेक कुसळ वेचू लागला. वेचताना मान वर न करता म्हणाला, “झुडपाला ‘तुम्ही’ कोण म्हणतं? तू म्हण.”

ती म्हणाली नाही. पुढच्या शनिवारी मात्र फोनवर आपसूक निघून गेलं… अरे, कुठे आहेस तू?

एकदा तिने तिहाई घेतली. तोच तुकडा तीनदा, आणि शेवटचा ‘धा’ थेट समेवर. घुंगरू एकदम गप्प झाले. सहदेव स्वतःचे पाय विसरून बघत राहिला होता.

“दयाळ पक्षी असंच करतो,” तो हळूच म्हणाला. “शेवटच्या सुरावर शेपटी अशी ताठ उभी.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी नाचाचं कौतुक केलं, तेही शेपटीवरून. ती फणकाऱ्याने घुंगरू सोडायला बसली. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावताना मात्र तिला हसू आवरेना. देवाला काय वाटेल, म्हणून तिने पदर तोंडाशी धरला.

मग दिवाळी झाली, आणि एका बँकेतल्या चार मैत्रिणी एकदम वर्गात आल्या. उत्साही, वेळेवर येणाऱ्या, नवेकोरे घुंगरू घेतलेल्या. नीलाताई गार्गीच्या कानात म्हणाल्या, सुटलीस बाई, आता त्या परबच्या मागे लागायला नको.

शनिवारी तिने फोन केला नाही. तो आला नाही. मंगळवारी केला नाही. तेव्हाही आला नाही.

वर्ग कसा छान चालला होता. पाच जणींचे पाय एका तालात. स्वच्छ लादी, टाचेला काही म्हणता काही टोचत नव्हतं. आणि गार्गीची सम चुकत होती. एकदा चुकली, दोनदा चुकली… तिसऱ्यांदा चक्कर संपली तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. नीलाताईंनी ताल धरलेला हात थांबवला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून ताल धरला. त्याचाच तिला जास्त राग आला.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर तिने जिन्यातच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“वर्ग बंद पडला?” सहदेवने विचारलं.

“नाही. पाच जणी आहोत.”

“मग फोन कसा?”

तिने उलट प्रश्नच केला, “तू का येत नाहीस?”

“तू फोन नाही केलास.”

“ते फोन मी वर्गासाठी करायचे.”

“माहितीये ना. वर्गासाठी नसलेला एक तरी येतो का, ते बघत होतो.” तो म्हणाला. “पिल्लं मार्चमध्ये उडाली, गार्गी. सदतीस वर्षांचा माणूस नोव्हेंबरपर्यंत कमरेला ओढणी बांधून थेई थेई करतो, ते काय रिकाम्या घरट्यासाठी?”

जिन्यात कुणी नव्हतं. तरी तिने कठड्याकडे तोंड फिरवलं. इतके महिने साठलेला वैताग तिला एकदम हाताशी लागला.

“मग सांगता नाही आलं? दर शनिवारी मी तीन तीन फोन करत बसायचे. पहिल्यालाच उचलला असतास तर?”

“तर पुढचे दोन आले असते का?”

देवा, या माणसाला काय म्हणावं… तिने डोळे मिटले. मग अगदी हळू, जेमतेम ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, “लादी आता स्वच्छ असते. एक कुसळ टोचत नाही. मला… नाही आवडत ते.”

मग तो म्हणाला की मंगळवारी येतो, डाव्या पायासकट येतो. “पण नऊ महिने मी तुझ्यासाठी लादी बडवली. एक सकाळ तू माझ्यासाठी गप्प उभी राहशील? उद्या साडेसहा, नॅशनल पार्कच्या गेटपाशी. तीन तास. पाय वाजवायचा नाही, माझ्यावर चिडायचंही नाही.”

“तीन तास?”

“चिडायचं असेल तर डोळ्यांनी चीड. ते मला कळतं.”

“येईन,” ती म्हणाली. “शब्द दिला.”

रविवारी ती साडेचारला उठली. आंघोळ केली, दिवा लावला आणि आई जागी होऊ नये म्हणून अध्याय ओठातल्या ओठात वाचला. मग पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पायांतली पैंजणं काढली. घोटे एकदम हलके, परके वाटले. हातातल्या काचेच्या बांगड्याही तिने उतरवल्या आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवल्या. दार ओढून घेताना कडी वाजू नये म्हणून ती बोटाने धरून ठेवली.

घराखालच्या वझिरा नाक्यावर अजून अंधारच होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सवयीने तिचा उजवा पाय तालात उचलला गेला. तिने तो तसाच क्षणभर धरला, अलगद टेकवला, आणि चालू लागली.